दाबोळी विमानतळ: नौदलाच्या अंगणातील प्रवासी सोय

पोर्तुगीज राजवटीत बांधलेला आणि गोवा मुक्तीनंतर नौदलाकडे आलेला दाबोळी विमानतळ आजही मूलतः ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ असून नागरी विमानांना तेथील धावपट्टीचा सामायिक वापर तेवढा मिळतो. कामकाजाच्या दिवशी सकाळचे काही तास लष्करी सरावासाठी राखलेले असल्याने प्रवासी उड्डाणांची दाटी उरलेल्या वेळात होते, आणि २०१३ मध्ये उभारलेली प्रशस्त टर्मिनल इमारतही त्या वेळी अपुरी वाटू लागते. म्हणून हातात थोडा अधिक वेळ ठेवलेला बरा. धावपट्टीलगत लढाऊ विमाने दिसली, तरी मोबाइल खिशातच असावा, कारण संरक्षण क्षेत्रात छायाचित्रणास मनाई आहे. (विमानांची हौसच असेल, तर जवळच बोगमाळोच्या वाटेवर असलेल्या नौदलाच्या संग्रहालयात जुने सी हॅरियर निवांत न्याहाळता येते.) २०२३ पासून मोपा येथील विमानतळ सुरू झाल्याने पेडणे आणि बार्देशकडील प्रवाशांची सोय झाली आहे, परंतु वास्को, मडगाव किंवा काणकोण गाठायचे असल्यास, तिकीट किंचित महाग पडले तरी, माझी पसंती निःसंशय दाबोळीलाच राहील. आरक्षण करताना मात्र दाबोळीचा ‘जीओआय’ आणि मोपाचा ‘जीओएक्स’ हे संकेत नीट पाहून घ्यावेत.