सेंट्रिओल टाकायचं की ठेवायचं: अंडपेशी विरुद्ध शुक्रपेशी

काल रंकाळ्यावर भेळ खाताना भाचा म्हणाला, "मामा, बीएस्सीचं हे सेंट्रिओल प्रकरण काय डोक्यात शिरंना." म्हटलं ऐक. सेंट्रिओल म्हणजे पेशीतलं बारकं नळकांडं, सहसा जोडीनं असतंय, पेशी दुभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला मदत करतंय.

साध्या पेशीत हिशेब सरळ, प्रत्येक जुन्या सेंट्रिओलला चिकटून एकच नवीन, तेही पेशी दुभागायच्या एका फेरीत एकदाच. मुकादम म्हणजे पीएलके४ एन्झाइम, ते वाढलं की पिल्लं पण वाढतात. पण अंडं आणि शुक्राणू दोघांनीही आपापली जोडी आणली तर दुप्पट होणार आणि गुणसूत्रं दोनाऐवजी तीन-चार बाजूंना ओढली जाणार, मग कुणीतरी सोडायलाच पाहिजे की.

सोडते अंडपेशी. फळमाशीत १६ पेशींचा झुबका असतोय, बाकीच्या १५ जणींची सेंट्रिओल्स आधी उरलेल्या एकीकडंच सरकतात, तीच पुढं अंडपेशी होते. (म्हणजे आधी गोळा करायची आणि मग टाकायची, काय हे!) पुढं पोलो नावाचं एन्झाइम कमी होतं, वरचं प्रथिनांचं आवरण गळतं आणि सोललेला ऊस सुकावा तसं आतलं सेंट्रिओल झिजत संपतं. पोलो मुद्दाम सेंट्रिओललाच चिकटवून ठेवल्यावर सेंट्रिओल टिकली, पण त्या माश्या वांझ निघाल्या.

शुक्रपेशी ठेवते, कारण शेपूट त्यावरच उभी. माणसात एक नीट राहतं, दुसऱ्याचा आकार बदलतो.

मला विचारशील तर अंडपेशीचीच गोष्ट लय भारी. उंदराचं मात्र वेगळंच, तिथं शुक्राणूतली पण जातात आणि भ्रूण काही दिवस सेंट्रिओलशिवायच काम भागवतो, नंतर नवीन बनवतो.