पांढऱ्या कडांचा डुरांटा : साताऱ्यातील एका रोपवाटिकेतील खरेदी

साताऱ्याजवळच्या एका रोपवाटिकेतून घेतलेला, पांढऱ्या कडांच्या पानांचा डुरांटा (एक शोभेचे झुडूप) अंगणात उत्तम रुजला असून, त्याच्या जांभळ्या फुलांच्या लोंबत्या घोसांवर ऊन चढताच बिबळ्या कडवा जातीची फुलपाखरे सोंड उलगडून मध घेत बसतात, हे पाहणे फार सुखाचे आहे. रोप निरोगी होते, दरही वाजवी. मात्र एखादी फांदी निव्वळ हिरवी फुटली, तर ती बुडापासून छाटावी लागते, कारण हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढून चितकबऱ्या फांद्यांना मागे टाकते. हे विक्रेत्याने सांगायला हवे होते. त्याहून गंभीर बाब अशी की, याची पिवळी फळे विषारी असल्याची सूचनाही मिळाली नाही. घरात लहान मुले असतील, तर फुले गळताच घोस कापून टाकावेत.