पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून देणारे दुकान : एका ग्राहकाचा अभिप्राय

आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर एकाच गाळ्यात मोबाइल दुरुस्ती, रिचार्ज आणि झेरॉक्स असे तिन्ही व्यवसाय करणारे एक दुकान आहे. अशी दुकाने बहुतेक तालुक्यांत सापडतील आणि माझा अभिप्राय तेथे मिळणाऱ्या एका सेवेविषयी आहे, म्हणून दुकानाचे नाव देत नाही. काचेवर चिकटवलेल्या कागदावर ‘पेन ड्राइव्ह व मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी ओळ आहे. ट्रॅक्टरवाले, टेंपोवाले, रसवंतीवाले आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसांसाठी गाणी नेणारे माझ्यासारखे लोक या ओळीचे ग्राहक आहेत.

माझ्या वडिलांना मोबाइलवरची अॅप हाताळता येत नाहीत. त्यांच्याकडे पेन ड्राइव्ह लावता येईल असा लहान स्पीकर आहे आणि पहाटे अभंग, दुपारी नाट्यगीते, रात्री जेवणानंतर भावगीते असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम आहे. त्यांच्यासाठी मी या दुकानातून सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह ३५० रुपयांना घेतला आणि गाणी भरण्याचे ५० रुपये वेगळे दिले.

सेवा म्हणून पाहिले तर हे काम फार आपुलकीने केले जाते, हे आधी सांगितले पाहिजे. दुकानदार तरुण आहे, पण वडिलांच्या आवडीविषयी त्याने मला बारकाईने विचारले. “सर, दादांना पखवाज-टाळाचे भजन लागते का हार्मोनियमवरचे?” हा प्रश्न एखाद्या मोठ्या कंपनीच्या अॅपने मला कधी विचारला नसता. त्याने अभंग, गौळणी, भारुडे, नाट्यगीते, भावगीते, लावण्या आणि पोवाडे अशी वेगवेगळी फोल्डर केली, स्पीकरवरचे बटण दाबल्यावर फोल्डर कसे बदलते ते दाखवले आणि पंधरा दिवसांनी काही गाणी वाजत नाहीत म्हणून मी परत गेलो, तेव्हा वेगळे पैसे न घेता ती बदलून दिली. निवडणे, लावणे, समजावून सांगणे हे कष्टाचे काम आहे आणि त्या कष्टाचे ५० रुपये मला आजही जास्त वाटत नाहीत.

ध्वनीचा दर्जा मात्र साधारण आहे. सुमारे सहाशे गाण्यांपैकी बऱ्याच गाण्यांचा आवाज चेपलेला आहे, काही गाणी शेवटच्या कडव्याआधीच तुटतात, आणि एकच भावगीत तीन फोल्डरांत तीन नावांनी आले आहे.

याहून मोठी उणीव माझ्या लक्षात आली ती वडिलांमुळे. एका सकाळी त्यांनी विचारले, “हा अभंग कोण म्हणतंय रे?” मी पेन ड्राइव्ह संगणकाला लावून पाहिला. गायकाच्या नावाच्या जागी एका फुकट गाण्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता होता, अल्बमच्या नावाच्या जागी तोच पत्ता होता आणि संगीतकाराची जागा रिकामी होती. सहाशेपैकी गायकाचे खरे नाव असलेली गाणी मला शंभरही सापडली नाहीत आणि गीतकाराचे नाव तर एकाही गाण्यावर नव्हते. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी आपली मुद्रा ठेवली. त्यांनी मोबदला मागितला नाही, पण रचना कोणाची हे पुढच्या माणसाला कळावे याची व्यवस्था रचनेतच केली. चारशे वर्षे ज्या अभंगातून तुकोबांचे नाव कोणी काढू शकले नाही, तोच अभंग आज गाणाऱ्या, त्याला चाल लावणाऱ्या आणि साथ करणाऱ्या माणसांची नावे या पेन ड्राइव्हमध्ये पुसलेली आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटले.

त्याच अभंगांच्या फोल्डरात शेजारच्या गावातील एका भजनी बुवांचे आठ अभंग निघाले. बुवांना मी ओळखतो. काही वर्षांपूर्वी त्यांनी शेतीच्या उत्पन्नातून पैसे बाजूला काढून जिल्ह्याच्या ठिकाणी ध्वनिमुद्रण केले, पखवाजवाद्याला आणि टाळकऱ्यांना बिदागी दिली आणि सीडी काढून त्या वारीच्या वाटेवर स्वतः विकल्या. मी त्यांना भेटून हे सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत. “गुरुजी, देवाचं नाव लोकांच्या कानावर पडतंय, मी कुणाला अडवू?” असे ते म्हणाले; मग थोडे थांबून म्हणाले, “पण अजून निम्म्या सीड्या माळ्यावर पडून आहेत.” दुसरा संच काढायचा त्यांचा विचार होता, तो त्यांनी सोडून दिला आहे.

या भेटीनंतर मला माझ्याच व्यवहाराकडे नीट पाहावे लागले. गाणी फुकट उतरवून घेण्याविषयी आपण जेव्हा बोलतो, तेव्हा ‘लोकांना पैसे द्यायचेच नसतात’ असे गृहीत धरतो. मी तर पैसे दिले होते. ट्रॅक्टरवालाही देतो, रसवंतीवालाही देतो आणि खळखळ न करता देतो. गाण्यासाठी खिशातून निघालेला रुपया गाणे ज्यांनी घडवले त्यांच्यापर्यंत न पोहोचता वाटेतच थांबतो, हा या सेवेचा मूळ दोष आहे. आठ अभंगांपायी बुवांच्या वाट्याला माझ्या ५० रुपयांतले आठ आणेही आले असते, तरी आमच्या गावातील ग्राहकांची संख्या पाहता त्यांच्या दुसऱ्या संचाची सुरुवात झाली असती.

मी हे दुकानदाराशी बोललो. त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही त्याने प्रामाणिकपणे सांगितल्या, म्हणून त्यांचा विचार येथे करतो.

त्याचे पहिले म्हणणे असे की, अभंग संतांचे आहेत आणि ते सर्वांचे आहेत. शब्दांपुरते हे पूर्ण खरे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे तुकोबांचे शब्द कोणीही गावेत, छापावेत, वाटावेत. परंतु त्याच शब्दांना श्रीनिवास खळे यांनी ज्या चाली दिल्या, त्या चालींवरचा हक्क वेगळा आहे. खळे २०११ साली गेले, म्हणून तो २०७१ अखेरपर्यंत राहील. ‘गीतरामायणा’चे उदाहरण तर प्रत्येक मराठी घराला समजेल असे आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या त्या ५६ गीतांचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे आहेत. ते १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. चाली सुधीर फडक्यांच्या आहेत आणि त्यांचे निधन २००२ मधले असल्यामुळे चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क यांहून निराळा असतो आणि तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिका त्या हिशोबाने १ जानेवारी २०२५ पासून मोकळ्या झाल्या. या दुकानातील ग्राहकांची खरी आवड जुन्या गाण्यांची आहे, हे पाहता फार जुन्या तबकड्यांवरील कितीतरी नाट्यगीते शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्ही बाजूंनी मोकळी असतील. ती शोधून वेगळ्या फोल्डरात द्यावीत, असे मी दुकानदाराला सुचवले. त्याने वहीत लिहून घेतले आहे.

त्याचे दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. “सर, पैसे कंपनीला जातात, गाणाऱ्याला काय मिळतं?” असे तो म्हणाला. या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला, त्यावरून महंमद रफींशी त्यांचे मतभेद झाले आणि दोघे काही काळ एकत्र गायले नाहीत. एकदा मानधन घेतले की गाण्याशी संबंध संपला, हीच तेव्हाची रीत होती. गीतकार आणि संगीतकारांची अवस्थाही अशीच होती. निर्मात्याशी केलेल्या एका करारात ते आपले सारे हक्क लिहून देत. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. त्या दुरुस्तीसाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी बाजू लावून धरली होती. आता चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा करारानेही सोडून देता येत नाही. म्हणजे ‘कलाकाराला काहीच मिळत नाही’ हे कारण पूर्वी जितके खरे होते तितके आज उरलेले नाही. अधिकृत मार्गाने ऐकलेल्या गाण्याचा वाटा लहान असेल, तो वेळेवर मिळत नसेल, त्यासाठी कलाकारांना अजूनही भांडावे लागत असेल. पण या गाळ्यातून गेलेल्या गाण्याचा वाटा शून्य आहे आणि त्यासाठी भांडायलाही जागा नाही. शिवाय बुवांच्या बाबतीत कंपनी मुळात नव्हतीच. गाणारे तेच होते, पैसे घालणारे तेच होते, तोटाही पूर्ण त्यांचाच झाला.

कायद्याच्या शिक्षेविषयी थोडेच लिहितो, कारण भीती दाखवणे हा माझा हेतू नाही. स्वतःच्या खासगी वापरासाठी कायद्यात काही सवलत आहे, पण पैसे घेऊन दुसऱ्याला प्रती करून देणे तिच्यात बसत नाही. कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. महाराष्ट्राने २००९ मध्ये धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याच्या एमपीडीए कायद्यात हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला ‘व्हिडिओ पायरेट’ही बसवले. मोबाइलच्या काचा बदलून पोट भरणाऱ्या या मुलाला त्या पंगतीत पाहावे, असे मला मुळीच वाटत नाही आणि म्हणूनच ही सेवा त्याने बदलावी असे वाटते.

बदलता येईल का? २०१० च्या सुमारास संगीत कंपन्यांच्या संघटनेने अशाच दुकानांसाठी परवान्याची योजना काढली होती, पण आमच्या भागात असा परवाना लावलेले दुकान मी पाहिले नाही. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ या नावाने सुट्या गाण्यांची विक्री सुरू केली. पाच-सहा रुपयांपासून गाणे मिळत असूनही २०१३ च्या मध्यात ती बंद पडली. त्या काळी इतक्या लहान रकमा इंटरनेटवर भरणे अवघड होते आणि तीच गाणी फुकट मिळत होती. आज चहाचे दहा रुपये आपण यूपीआयने देतो, तेव्हा त्यातली पहिली अडचण तरी उरलेली नाही. दुसरीकडे सारेगामा या संगीत कंपनीने २०१७ मध्ये पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ नावाचा स्पीकर बाजारात आणला आणि त्याची किंमत हजारांत असूनही लोकांनी तो आईवडिलांसाठी आवर्जून घेतला. इंटरनेट नको, अॅप नको, बटण दाबले की आवडीची गाणी लागावीत, हीच तर आमच्या दुकानदाराची सेवा आहे. तिला मागणी आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजायला माणसे तयार आहेत, हे एका कंपनीने गाण्यांच्या हक्कांसह करून दाखवले. दुकानदारांना परवडेल अशा रकमेत, गाण्यांची खरी नावे जोडून आणि स्थानिक कलाकारांनाही सामावून घेऊन असा परवाना पुन्हा उपलब्ध झाला, तर मी माझ्या ५० रुपयांऐवजी २०० रुपये आनंदाने देईन.

सध्या मी काय केले, तेही सांगतो. वडिलांचा पेन ड्राइव्ह मी कोरा केला. बुवांकडून सीडी घेतली. घरी सीडी प्लेअर नसल्यामुळे त्यांच्या मुलाने तेच आठ अभंग पूर्ण दर्जाच्या फाइलींमध्ये दिले आणि बुवा नको नको म्हणत असताना मी त्यांच्या हातात ३०० रुपये ठेवले. बाकीच्या गाण्यांसाठी एका अधिकृत सेवेची वर्गणी भरली असून रोज सकाळी माझ्या मोबाइलवरून ती वडिलांच्या स्पीकरला जोडून देतो. मी शाळेला गेलो की दुपारची नाट्यगीते बंद पडतात, ही त्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. कोणत्या अभंगाला कोणाची चाल आहे, ते मात्र आता रोज वाचून दाखवतो आणि ते त्यांना आवडते.

या दुकानात मोबाइलची काच आणि बॅटरी बदलून घ्यावी. काम स्वच्छ आहे, दर वाजवी आहेत आणि दुकान सोमवारी, बाजाराच्या दिवशी, रात्री नऊपर्यंत उघडे असते. कोरा पेन ड्राइव्हही येथूनच घ्यावा, तो चांगल्या प्रतीचा मिळतो. गाणी मात्र भरून घेऊ नयेत, असे माझे मत मी दुकानदारालाही सांगितले आहे. बुवांच्या सीड्या काउंटरवर ठेवायला त्याने होकार दिला असून पुढच्या बाजारी मी त्यातल्या वीस नेऊन देणार आहे.