म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मेमरी फोमचा बेड : थंडी आणि सोलापूरचा उन्हाळा, दोन्हीत वापरून

आमचा ब्रुनो लॅब्राडोर आहे, १२ वर्षं पूर्ण. मोठ्या जातीची कुत्री सातव्या-आठव्या वर्षीच म्हातारी धरतात, म्हणजे हा आजोबाच. दिवाळीनंतर त्याच्यासाठी ४ इंची ऑर्थोपेडिक बेड ऑनलाइन मागवला. रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितोय, कारण डिसेंबरातला बेड आणि एप्रिलमधला बेड या दोन वेगळ्याच वस्तू आहेत बघा.

थंडीत एकदम भारी. कडक फरशीवर झोपून कोपरांवर घट्टे पडले होते, केस जाऊन काळी जाड कातडी झालेली, ती मऊ पडली. सकाळी उठताना मागचे पाय थरथरायचे, अर्धवट उठून परत बसायचा, ते पण कमी झालं. गेलं नाही हं, कमी झालं. संधिवात गादीनं कसा जाईल.

मार्च लागला आणि साहेबांनी बेडच सोडला. फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो, आणि आपल्याकडं ४२-४३ डिग्रीत लाइट गेली की माणसालाच गादी नको होते, कुत्र्याला तर घाम फक्त पंजांना, बाकी सगळा कारभार धापा टाकूनच. दिवसभर मोरीजवळच्या शहाबादी फरशीवर पसरलेला असायचा. मग आईनं बेडवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून घातली, रात्री कूलर त्या बाजूला वळवला, तेव्हा कुठं रात्रीपुरता परत यायला लागला. चादरीचा आणखी एक फायदा, बेडचं कव्हर ओलं झालं की उचलायला दोघं लागतात आणि नळाला रोज पाणी नाही, चादर कशी पण धुतली जाते.

खरं तर बेड घेतला तो त्याच्या चिडचिडीमुळं. भाचीनं कमरेवर हात ठेवला तर गुरगुरला, जन्मात कधी असं केलं नव्हतं. घरात सगळे म्हणायले, म्हातारपणी खडूस झालाय. डॉक्टरांनी मागचा पाय नुसता मागं ताणला तर वळून त्यांच्या हाताकडं बघितलं, तिथंच कळलं दुखतंय. रक्त तपासून, किडनी-लिव्हर ठीक बघून वजनाप्रमाणं कुत्र्याची वेदनाशामक गोळी सुरू केली आणि गुरगुरणं बंद. म्हणून सांगतो, वागणं बदललं की आधी दुखणं शोधा, बेडची ऑर्डर नंतर. आणि घरातली आयब्रुफेन वगैरे अजिबात देऊ नका, कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

कान पण गेलेत. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) वेळी होम मैदानावरच्या दारूकामाला हा दरवर्षी दिवाणाखाली घुसायचा, यंदा घोरत पडला होता! पण त्यामुळंच झोपेत हात लावला की दचकून तोंड टाकतो, आम्ही आता आधी फरशीवर पाय आपटतो, हादरा कळला की मान वर करतो.

रात्री उठून येरझाऱ्या, कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभं राहणं, दार उघडतं ती बाजू सोडून बिजागरीकडं वाट बघणं, हे मेंदूच्या म्हातारपणाचं आहे, माणसांच्या डिमेन्शियासारखं. बेडचा इथं काडीचा उपयोग नाही. झिरोचा बल्ब, पाण्याचं भांडं कायम एकाच जागी आणि ऊन उतरल्यावर हळूहळू एक चक्कर, यानं बरंच बरं पडलं. यावर औषधं पण असतात, डॉक्टरांशी बोला.

पैसे वसूल कशात झाले विचाराल तर सगळ्यात आधी साध्या योगा मॅटमध्ये, बेडपासून दारापर्यंत अंथरल्या आणि पाय घसरायचे थांबले. दुसरं वजन. बाबांची भाकरी-शेंगाचटणी बंद केली (चटणीत लसूण असतो, कुत्र्याला तो चालतच नाही, पण बाबांना कोण सांगणार) आणि चालणं सुधारलं. सांध्याच्या पावडरीचे डबे पण संपवले, मला तरी काही फरक दिसला नाही.

बेडला ५ पैकी साडेतीन. फोम अजून दबला नाही, पण कव्हरची चेन लवकर बिघडली. घेताना कुत्रा आडवा पसरल्यावर मोजा, गुंडाळून झोपलेला मोजू नका, आणि कडेला उंच काठ असलेला नको, म्हाताऱ्याला पाय उचलून आत जायला जड जातं.