स्वेन्स्का डॉट एसई : ऑफिसातली स्वीडिश इंग्रजीत आणताना

स्वीडिश अकादमीचे तीन शब्दकोश इथे एकाच शोधात, फुकट. अर्थ फक्त स्वीडिशमध्ये असल्याने इंग्रजी वाक्य आपणच घडवायचं, आणि मला तेच बरं वाटतं. 'वब्बा' म्हणजे आजारी मुलासाठी कामावर न जाता घरी राहणं. भरपाई सरकारी विमा संस्था देते. शब्दाला शब्द ठेवला तर 'केअर ऑफ चाइल्ड' असं कागदी काहीतरी उरतं. सहकाऱ्याला 'आय ॲम होम विथ अ सिक किड' लिहा. एचआरच्या पत्रात मात्र 'टेम्पररी पेरेंटल बेनिफिट'च हवं. गुरुवारच्या सुट्टीनंतरचा शुक्रवार, म्हणजे 'क्लेमदाग', 'ब्रिज डे' केला की बरेच इंग्रजी वाचक अडखळतात. 'टेकिंग फ्रायडे ऑफ' पुरतं. तीन कोशांपैकी वापराच्या उदाहरणांसाठी एसओ हा अर्थकोश उघडा, एसएओएल ही शब्दसूची शुद्धलेखन आणि शब्दरूपांसाठी.