जुनं अंगण, नवी फरशी: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

पुण्यातल्या आमच्या सोसायटीतले बंगले सत्तरच्या दशकातले. आमचं अंगणही तेव्हाचंच. फुटलेला सिमेंटचा कोबा, कंपाउंडलगत ड्युरांटाची वाढलेली झुडपं, मधोमध जुना आंबा आणि दोन सरी पडल्या की जिन्यापाशी साचणारं पाणी. गेल्या हिवाळ्यात कोबा उखडला. गाडीच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवले आणि आंब्याभोवती रफ, म्हणजे पॉलिश न केलेली, शहाबादी फरशी. शहाबादीला सिमेंट कुठेच नाही, खाली खडी, वर कच (दगडाचा बारीक चुरा) आणि फरश्यांमधल्या दरजांतही कचच.

वर्ष होत आलं. मला विचाराल तर शहाबादी शंभर टक्के, पेव्हर जेमतेम.

ब्लॉक चांगले आहेत, ८० मिमी जाडीचे. घोळ त्यांच्या पोटात आहे. मुरूम टाकल्यावर धुमस फिरवली ती वरवर, आणि कडेला ब्लॉक अडवून धरणारा काँक्रीटचा कठडा (कर्ब) हवा होता तो ठेकेदाराने ‘गरज नाही’ म्हणत गाळला. पहिल्या पावसानंतर गाडी वळते तिथे बरोब्बर चाकाच्या रुंदीचा खड्डा पडला आणि कडेचे ब्लॉक बाहेर सरकायला लागले. फोन केला की ‘येतो’, एवढंच.

शहाबादीच्या बाजूला पाणी थांबत नाही, दरजांतून मुरतं आणि आंब्याच्या मुळांनाही मिळतं. फरशी मात्र दोन इंच जाडीचीच मागा. कचेवर ठेवलेली पातळ फरशी पाय पडून तडकते. श्रावणात शेवाळ धरतं हे खरं, पण खराटा आणि ताठ ब्रश पुरतो. ॲसिड चुकूनही नको. हा चुनखडीचाच दगड, ॲसिड पडलं की फसफसतो आणि पांढरा डाग कायमचा राहतो. आमच्याकडे लिंबाच्या सरबताचाही एक ठसा आहे, पाहुण्यांची मेहेरबानी.

झाडांचं थोडक्यात. आंब्याच्या सावलीत सोनटक्का आणि हळद लावली, दोन्ही न सांगता वाढली. सोनटक्का पावसाळाभर फुलला. पारिजातक उन्हात, त्याची तक्रार नाही. अनंताने मात्र छळलं. कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावला होता; पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. भिंतीचा चुना आणि बोअरचं जड पाणी, दोन्ही त्याला सोसत नाही, कारण त्याला आंबट माती लागते. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) घातलं की महिनाभर बरा दिसतो, पुन्हा तेच. आता मोठ्या कुंडीत हलवलाय आणि टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी घालतोय. नवी पानं हिरवी येताहेत.

कडीपत्त्याची अर्धी पानं अळ्यांनी खाल्ली. आईने औषध मारायला सांगितलं, मी मारलं नाही. बहुरूपी फुलपाखरांच्या अळ्या त्या. आमटीपुरती पानं उरतातच.

‘लॉन का नाही केलं?’ हे येणारा प्रत्येक जण विचारतो. आंब्याखाली लॉन टिकत नाही आणि मे महिन्यात टँकर मागवून गवत जगवायची माझी तयारी नाही.

आणि हो, आंब्याची एक वाकडी फांदी काढायची होती. शहरात त्यालाही महापालिकेची परवानगी लागते, तेव्हा कामाच्या तारखा ठरवण्याआधी अर्ज करा. गवंडी आला आणि कागद आला नाही, तर रोजंदारी तुमच्याच खिशातून जाते.

दिवाळीनंतर गाडीची वाट उकरून पुन्हा करायची आहे. ब्लॉक तेच राहतील. खालचा मुरूम थराथराने पाणी मारून, यंत्राने दाबून घेणार आहे, आणि कर्ब झाल्याशिवाय पैसे देणार नाही.