एपी द्यायची का? आधी महिना सांगा, मग देश

दिवाळीच्या सुट्टीत दरवर्षी एखादं तरी घर फराळाची बशी पुढे सरकवत मला हा प्रश्न विचारतं. यंदा विचारणारे बाबा होते. मुलगा अकरावी सायन्सला. हातात कन्सल्टन्टने दिलेला छापील कागद, त्यावर एकाखाली एक एपी या अमेरिकी परीक्षेचे सहा विषय, प्रत्येकासमोर क्लासची फी. "मॅडम, या सहा दिल्या की अमेरिकेचं नक्की होतं म्हणाले. द्यायच्या का?"

मी गेली कित्येक वर्षं अकरावी-बारावीचं गणित शिकवते. परदेशी जाणारी मुलं माझ्याकडे मुख्यतः कॅल्क्युलससाठी येतात, त्यामुळे हा कागद मी वेगवेगळ्या रूपांत पाहिला आहे. त्यावर सगळं असतं, फक्त दोन गोष्टींचा विचार नसतो: परीक्षा कोणत्या वर्षीच्या मे महिन्यात द्यायची आणि अर्ज कोणत्या देशात करायचा. एपीचं मोल या दोन गोष्टींवर ठरतं. विषयांची संख्या नंतर.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा एक विषय शाळेत असतानाच शिकायचा आणि परीक्षा द्यायची. घेणारी संस्था कॉलेज बोर्ड, म्हणजे सॅट ही अमेरिकी कॉलेज प्रवेशाची परीक्षा घेणारीच. विषय चाळीसच्या आसपास, गुण १ ते ५, परीक्षा वर्षातून एकदा, मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत. आपल्याकडे एपी शिकवणाऱ्या शाळा थोड्या, म्हणून बहुतेक मुलं बाहेरून बसतात. नोंदणी मात्र आदल्या शरद ऋतूत, साधारण नोव्हेंबरपर्यंत उरकावी लागते. फी प्रत्येक विषयाला शंभर डॉलरच्या वर, शिवाय केंद्राचं शुल्क वेगळं. आधी केंद्र मिळतंय का ते बघा, मग पुस्तकं घ्या.

आता महिन्याचं गणित. अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज बारावीच्या वर्षात जातात: लवकरचे १ नोव्हेंबरच्या सुमारास, नेहमीचे १ जानेवारीच्या आसपास. निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात आणि कोणत्या कॉलेजात जाणार ते बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायचं असतं. म्हणजे बारावीनंतरच्या मे महिन्यात दिलेली एपी प्रवेश पक्का झाल्यावर दिलेली असते. तिचे गुण येतात जुलैत. प्रवेशाला तिचा उपयोग शून्य, झालाच तर पुढे क्रेडिटसाठी, म्हणजे कॉलेजातला तो विषय झाला असं धरलं जावं म्हणून. अर्जात दाखवायची असेल तर अकरावीनंतरच्या मे महिन्यातच द्यायला हवी. त्या बाबांच्या कागदावर सहापैकी चार विषय बारावीच्या मेमध्ये होते. लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असूनही लिहिलं, ते मी विचारलं नाही.

सॅटचं तसं नाही. ती वर्षातून अनेकदा होते, भारतात २०२३ पासून लॅपटॉपवर होते, २ तास १४ मिनिटांत संपते आणि नाही जमली तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा देता येते. १६०० पैकी एकच आकडा. सॅट सांगते की मुलगा वाचतो कसा आणि दहावी-अकरावीपर्यंतचं गणित किती चटकन सोडवतो. एपी सांगते की एका विषयात तो किती खोल उतरला आहे. प्रश्नच वेगळे असल्यामुळे "सॅट की एपी" असं विचारणं बहुतेकांच्या बाबतीत चुकीचं. आधी सॅट, वेळ उरला तर एपी. एमआयटीने २०२२ मध्ये सॅट किंवा तिच्यासारख्याच एसीटी या परीक्षेची सक्ती परत आणली, हार्वर्ड आणि कॅलटेकने २०२४ मध्ये. तिथे एपीचा ढीग असला तरी सॅटवाचून अर्ज पुढे सरकत नाही.

पण दोन अपवाद लक्षात ठेवण्यासारखे आहेत. येलने २०२४ मध्ये परीक्षांची सक्ती परत आणताना सॅट किंवा एसीटीच्या जागी एपी किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे गुणही चालतील असं जाहीर केलं. मात्र तो मार्ग घेतला तर तोवर दिलेल्या सगळ्या एपींचे गुण सांगावे लागतात, निवडक नाही. दुसरा अपवाद कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचा: बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे. तिथे प्रवेश ठरवताना सॅटचे गुण बघतच नाहीत, पाठवले तरी नाही. एपीचे मात्र बघतात आणि ३ किंवा अधिक गुण मिळाले तर क्रेडिटही देतात. तुमची यादी मुख्यतः कॅलिफोर्नियाची असेल तर सगळं उलटं होतं: सॅटवर घालवलेला उन्हाळा वाया, एपीवरचा कामी.

आता माझ्या विषयाकडे येते, कारण इथे मी ऐकीव बोलत नाही.

कॅल्क्युलसच्या दोन एपी आहेत, एबी आणि बीसी. एबी म्हणजे जवळजवळ आपल्या बारावीचं कॅल्क्युलस. बीसीमध्ये ते सगळं आहेच, शिवाय अनंत श्रेणी, त्या अभिसारी आहेत का ते तपासायच्या कसोट्या, टेलर श्रेणी, ध्रुवीय निर्देशकांतलं क्षेत्रफळ. हा भाग ना एचएससीत आहे ना सीबीएसईत. बीसीच्या निकालासोबत एबीचा उपगुणही मिळतो, म्हणून दोन्ही देण्यात अर्थ नाही. बहुतेक वर्षी बीसी देणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना ५ मिळतात हे ऐकून पालक खूश होतात. पण बीसीला बसतात ती गणितात आधीच पक्की असलेली मुलं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

अडचण अशी की स्टेट बोर्डाच्या अकरावीत आपण सीमा, सातत्य आणि विकलनाची सुरुवात करून थांबतो. संकलन सगळं बारावीत. अकरावीनंतरच्या मेमध्ये परीक्षा द्यायची तर नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत बारावीचा अर्धा पोर्शन पुढे ओढून शिकावा लागतो. जेईईच्या क्लासला जाणारी मुलं हे करतात, त्यांना ते जड जात नाही. भौतिकशास्त्राचंही तसंच: फिजिक्स सी मेकॅनिक्समध्ये घूर्णन गती लागते, ती सीबीएसईला अकरावीत असते, एचएससीला बारावीच्या पहिल्याच धड्यात. हा एवढासा फरक एखाद्या मुलाचं वेळापत्रक बिघडवू शकतो.

गुण मात्र जातात तिसरीकडेच. गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. टाकीत पाणी येण्याचा दर दिलेला, गळण्याचा दर दिलेला, आणि विचारलं होतं की चौथ्या तासाला टाकीतलं पाणी वाढतंय की घटतंय, कारण द्या. विद्यार्थिनी हुशार, जेईईच्या सराव परीक्षांत पहिल्या काहींत. तिने दोन्ही दर काढले, वजाबाकी केली, खाली "घटतंय" लिहिलं आणि पान उलटलं. मी विचारलं, कारण? म्हणाली, "मॅडम, उत्तर आलंय ना." एपीत इथे गुण जातो. "चौथ्या तासाला येण्याचा दर गळण्याच्या दरापेक्षा कमी आहे, म्हणून" हे एक वाक्य लिहावं लागतं. पुढच्याच भागात टाकीत एकूण पाणी किती ते विचारलं होतं, तिथे तिने आकडा लिहिला आणि लिटर गाळलं. जेईईने मुलांना पर्याय निवडायला शिकवलं, बोर्डाने सूत्र लिहून मांडणी करायला. उत्तर कशावरून, हे शब्दांत सांगायला दोघांनीही शिकवलं नाही. आमचे सहा आठवडे यातच गेले.

आणि कॅल्क्युलेटर! आपल्या मुलांनी बोर्डात तो हातात धरलेला नसतो. एपी कॅल्क्युलसचा एक भाग ग्राफिंग कॅल्क्युलेटरशिवाय सुटतच नाही, तिथे संकलनाची किंमत यंत्राकडूनच काढून घ्यायची असते. आपली पोरं ते हाताने सोडवायला घेतात आणि वेळ संपतो. २०२५ पासून कॅल्क्युलसचे बहुपर्यायी प्रश्न कॉम्प्युटरवर असतात, दीर्घ उत्तरं कागदावर. परीक्षेच्या ॲपमध्ये डेसमॉस हे ग्राफिंग कॅल्क्युलेटर असतं, म्हणून महागडं यंत्र विकत घेण्याआधी त्यावर हात बसवा.

चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत. हे जेईईवाल्यांना तीनदा सांगावं लागतं, तरी ते प्रश्न कोरे सोडतात.

आपल्या परीक्षांशी टक्कर किती होते? अकरावीनंतरचा मे रिकामा असतो. खरी सोय तीच. बारावीनंतरच्या मेमध्ये मात्र एपीच्या पंधरवड्याला लागूनच मेडिकलची 'नीट' परीक्षा येते, आगेमागे सीईटी आणि जेईई ॲडव्हान्स्ड. "इंडियाही हातचं राहू दे आणि अमेरिकाही" म्हणणाऱ्या घरांनी तो मे एपीला देऊ नये. बोर्डाचे आणि प्रवेश परीक्षांचे गुण त्याहून महत्त्वाचे. अमेरिकेतली कॉलेजंसुद्धा सगळ्यात आधी नववी ते बारावीची गुणपत्रिका बघतात. शाळेत एपी शिकवतच नसतील तर त्या का नाहीत असं तिथे कुणी विचारत नाही, मुलाला जे उपलब्ध होतं त्याच्या मानाने अर्ज वाचतात. हे ऐकून निम्मे पालक सैलावतात.

क्रेडिटमुळे पैसे वाचतात, हा कन्सल्टन्टचा आवडता मुद्दा. थोडा खरा आहे. अनेक सरकारी विद्यापीठांत बीसीच्या ५ ला कॅल्क्युलसच्या दोन सत्रांचं क्रेडिट मिळतं. एमआयटी फक्त पहिल्या कोर्सचं देते, तेही ५ असतील तरच. कॅलटेक आणि ब्राउन पदवीसाठी क्रेडिट देत नाहीत, डार्टमथने २०१४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून ते बंद केलं. पण क्रेडिट मिळालं म्हणजे बिल कमी झालं असं नाही. पूर्णवेळ विद्यार्थ्याची फी बहुतेक ठिकाणी सत्रागणिक ठोक असते, एक विषय कमी घेतला म्हणून घटत नाही. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलाला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात. पैसे वाचतात ते एक अख्खं सत्र आधी पदवी मिळाली तर, आणि त्यासाठी एक-दोन नाही, चार-पाच विषयांचं क्रेडिट जुळून यावं लागतं. एकदोन एपींचा फायदा असा की पहिल्याच वर्षी वरचा कोर्स घेता येतो. गणितात रमणाऱ्या मुलाला तोही थोडा नाही.

अमेरिका सोडली की चित्र झपाट्याने बदलतं. केंब्रिज अमेरिकी विद्यार्थ्यांकडून पाच एपींत ५ मागतं, पण सीबीएसई किंवा आयएससीची बारावी असेल तर तेच गुण धरले जातात, एपीची गरज नाही. तिथे इंजिनिअरिंगला जायचं तर २०२४ पासून सुरू झालेल्या ईसॅट या प्रवेश परीक्षेवर वेळ घालवलेला बरा. एचएससीवाल्यांनी मात्र प्रत्येक ब्रिटिश विद्यापीठाच्या पानावर आपल्या बोर्डाचं नाव शोधावं. ते नसेल किंवा फारच वरचे टक्के मागितले असतील तर थेट प्रवेश कार्यालयाला ईमेल करून एपी जोडल्या तर चालतील का ते विचारावं. जर्मनीसाठी तर एपी विसराच. तिथे आपली नुसती बारावी थेट प्रवेशाला पुरत नाही: एक तर श्टुडिएनकोलेगचं, म्हणजे प्रवेशाआधीच्या तयारीचं वर्ष करा, नाही तर भारतात पदवीचं एक वर्ष काढा, आणि इंजिनिअरिंगला जायचं तर जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असणंही चालतं. आयआयटीला नंबर न लागलेल्या मुलाची ॲडव्हान्स्ड जर्मनीत उपयोगी पडते, हे आपल्याकडे फार कमी घरांना माहीत असतं.

आयबी आणि ए-लेव्हलचं थोडक्यात: आयबी हा दोन वर्षांचा अख्खा अभ्यासक्रम, बाहेरून देता येत नाही. ए-लेव्हल या ब्रिटिश बारावीच्या परीक्षा बाहेरून देता येतात, पण एका विषयाला एपीहून बराच जास्त वेळ खातात. एचएससी चालू ठेवून जोडीला काही करायचं असेल तर एपीच परवडते.

कॉमर्स आणि आर्ट्सच्या मुलांना यातलं कुणी काही सांगत नाही. खरं तर मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी हे विषय अकरावीच्या मुलाला घरी बसून झेपणारे आहेत. बारावी कॉमर्सला गणित नसलेल्या मुलीने स्टॅटिस्टिक्समध्ये ५ आणले तर "आकड्यांशी जमतं का" या शंकेला अर्जातच उत्तर मिळतं. सायन्सवाल्याच्या चौथ्या एपीपेक्षा या एकीचं वजन मला जास्त वाटतं.

त्या बाबांच्या कागदावर मी पेन चालवलं. मुलाची यादी: कॅलिफोर्नियातली तीन, मध्य-पश्चिमेतली दोन सरकारी, एक एमआयटी "बघू तरी" म्हणून. बारावीच्या मेमधले चारही विषय खोडले. उरले कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी मेकॅनिक्स, दोन्ही येत्या मेमध्ये. सॅट मार्चमध्ये, नाही जमली तर ऑगस्टमध्ये पुन्हा, तीसुद्धा कॅलिफोर्नियाबाहेरच्या तिघांसाठी. मुलगा इतका वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मला फिजिक्स नाही आवडत. त्याऐवजी कॉम्प्युटर सायन्स ए चालेल का? जावा येतं मला, कॉलेजात सी प्लस प्लस आहे तरी."

बाबांनी चकलीचा तुकडा बशीत परत ठेवला. मी फिजिक्स खोडून वर कॉम्प्युटर लिहिलं आणि नोंदणीच्या शेवटच्या तारखेसाठी केंद्राला फोन लावायला सांगितलं, कारण भाऊबीज उलटून गेली होती.